मोडकी शाळा पाहिजे होती

परदेशात जाऊन खेड्यातली मोडकळीला आलेली शाळा दुरुस्त करायची, हे काम माझ्यासारख्या माणसाला देऊन कॉलेजने पहिल्यांदाच डोकं वापरलं होतं. घरचा मिक्सर मी स्वतः उघडलाय. (तो परत बंद झाला नाही, तो भाग वेगळा.) आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, आमचा शाळा बांधायला चाललाय. आत्याने त्यावर आणखी एक मजला चढवला.

आणि पोचून बघतो तर काय! शाळा लग्नघरासारखी चकाचक. भिंतींना ताजा रंग, कौलं नवी, बाकांना पॉलिश. फळा तर इतका काळाभोर की त्यात मला माझाच पडलेला चेहरा दिसला.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसत दारात उभ्या. त्यांची भाषा कळायला आमच्याकडे एकच माणूस, गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका. त्यांनी सांगितलं, परदेशातून पाहुणे येणार, त्यांना असली शाळा कशी दाखवायची, म्हणून गावाने सुट्टीत सगळं करून घेतलं.

आता मला सांगा, हा काय न्याय झाला? न्हाव्याला घरी बोलवायचं आणि तो यायच्या आत गुळगुळीत दाढी करून बसायचं?

आमचे प्रकल्पाचे मार्क कामावर होते. काम नाही तर मार्क नाहीत, म्हणजे वर्ष बुडालं. कॉलेजमधून आमच्याबरोबर आलेल्या सरांनी हळूच विचारलं, एखादी भिंत तरी पडायला आलीय का? बाई म्हणाल्या, आधी जेवून घ्या.

मग आम्ही चोराच्या मागावर असल्यासारखे शाळाभर फिरलो. मी भिंतींना कान लावले. आमचा पान्हा (हातातला पान्हा कधी सुटत नाही म्हणून त्याचं नावच ते) बाकाखाली लोळून ठोकाठोक करत होता. तेवढ्यात देव पावला. बालवर्गाचं दार कुरकुरलं!

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई धावत आल्या, दाराला पाठ लावून बराच वेळ काहीतरी बोलल्या. काका म्हणाले, "नको म्हणतायत."

संकोच, दुसरं काय! पाहुण्याला सगळे आधी नकोच म्हणतात. आम्ही दार उतरवलं.

खरं तर बिजागरीत तेलाचा थेंब पुरला असता. पण एका थेंबाला मार्क किती मिळणार? पान्ह्याने बिजागऱ्या ठोकून सरळ केल्या. दार खाली घासायला लागलं. खालून रंधा मारला. मग वर अडकायला लागलं. वरूनही मारला. आता ते मोकळं फिरायला लागलं, इतकं मोकळं की खालून मांजर आणि वरून कबूतर आरामात ये-जा करेल. फट बुजवायला उंबरा उचलायचं ठरलं. उंबऱ्याबरोबर चौकट आली. चौकटीबरोबर आली ताज्या रंगासकट निम्मी भिंत!

दुसऱ्या दिवशी बाई त्याच वर्गात शिकवायला उभ्या राहिल्या. फळ्याकडे वळून एक ओळ लिहिली आणि मागे बघितलं, तर बालवर्ग टेकडीवर.

तेव्हा काकांनी कालचं उरलेलं भाषांतर केलं. ते दार बाईंनी मुद्दाम कुरकुरतं ठेवलं होतं. पाठ वळली की कोण पळालं, ते त्यांना ऐकूनच कळायचं.

"अहो काका, मग हे काल का नाही सांगितलं?"

"नको म्हणतायत, हे सांगितलं होतं. नको कळत नाही तुम्हाला?"

उरलेले दिवस आम्ही आळीपाळीने दार झालो. त्यात सरांचा हुकूम, पोरगं निसटलं की आवाज करायचा. म्हणजे मी, इंजिनियरिंगचा विद्यार्थी, परदेशात भोकात उभा राहून 'कुईंऽऽ' करतोय आणि पोरं माझ्या पायांमधून पसार! काही तर परत येऊन पुन्हा निसटायची, नुसतं मला कुरकुरवायला.

तोवर गावच्या गवंड्याने भिंत उभी केली, आम्ही विटा पोचवल्या. पडलेली भिंत उभी राहिली, एवढंच सरांनी अहवालात लिहिलं. मार्क मिळाले.

निघताना मी बाईंचा निरोप घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, असं काकांकरवी त्यांना सांगितलं. त्या जरा विचार करून काहीतरी बोलल्या.

"तारीख आधी कळवा म्हणतायत," काका म्हणाले.

बघा, माणसाला केलेल्या कामाची किंमत असतेच! "स्वागताची तयारी करायची असेल ना?"

"नाही. दारंखिडक्या काढून बहिणीकडे नेऊन ठेवायला वेळ लागतो म्हणे."