एकाच रोलवर सत्कार आणि श्रद्धांजली

पार्थभैय्यांच्या वाढदिवसाच्या डीजेची वायर बिभीषण खरमाटेने भरदुपारी कोयत्याने तोडली आणि तालुक्यात कायदा व सुव्यवस्थेचा गंभीर प्रश्न निर्माण झाला. गाव मिरजगावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, नाहीतर गावाचं नाव छापून आल्याबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स लावतील.

वायर तोडायला कारण होतं, पण प्रशासनाने दखल घ्यावी एवढं मोठं नव्हतं. बिभीषणची गाय व्यायला आली होती. डीजेच्या दणक्याने घराचे पत्रे थरथरत होते आणि गाय बिथरून खुंट्याभोवती फिरत होती. आवाज कमी करा म्हणून बिभीषणने दोनदा जाऊन हात जोडले. तिसऱ्यांदा गेला तेव्हा हातात कोयता होता. त्या वेळी पार्थभैय्या तलवारीने केक कापत होते. तलवार ही परंपरा असल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कोयता मात्र हत्यार ठरला. अख्खं गाव ऊसतोडीला जातं आणि प्रत्येक घराच्या वळचणीला कोयता खोचलेला असतो, हे त्या दिवशी गावालाच आठवलं नाही. वायर तोडून बिभीषण घरी आला, गायीला पत्र्याच्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली.

सहायक पोलीस निरीक्षक अजिनाथ वाकळे पथक घेऊन आले तोवर एका मोबाईलवाल्या वार्ताहराने 'कोयता गँगचा म्होरक्या घरात दडला' अशी बातमी जगभर पोचवली होती. गँगमध्ये बाकी कोण, असं कुणी विचारलं नाही. वाकळे माणूस वाईट नव्हते. पण त्यांच्या आधीच्या साहेबांना सत्कारात एवढ्या शाली मिळाल्या होत्या की बदलीच्या वेळी त्यांना वेगळा टेम्पो लागला होता आणि वाकळेंना या ठाण्यात अजून साधा नारळ मिळालेला नव्हता. हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं. बायकोने फोनवर दोनदा विचारलंही होतं.

ओट्यावर बिभीषणची आई मालनबाई बसली होती. तिने सगळा उलगडा एका दमात करून टाकला.

"साहेब, गाय व्याताना परक्याची नजर पडू देत न्हाईत, म्हनून दार लावलंय. वासरू पडलं की येतो म्हनलाय त्यो. कुटं पळून जातोय?"

वाकळेंना हे नवीन नव्हतं. कोल्हारला त्यांच्या स्वतःच्या घरी गाय व्यायली की आजी त्यांनाही बाहेर काढायची. पथकातल्या प्रत्येक शिपायाच्या घरी हीच रीत होती. पण घरची रीत वायरलेसवर सांगता येत नाही. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी एवढंच विचारलं की दार उघडं आहे की बंद. बंद आहे म्हटल्यावर, आतून की बाहेरून, हेही विचारलं. आतून म्हटल्यावर त्यांना पुढचं काही ऐकायची गरज वाटली नाही. आतून कडी लावलेला कोयतेवाला म्हणजे दडून बसलेला सशस्त्र आरोपी. गायीचं काय, असं वाकळेंनी चाचरत विचारलं. गाय ओलीस आहे, असं उत्तर आलं.

ठाण्याच्या लेखनिकाने तत्परतेने प्रसिद्धीपत्रक तयार ठेवलं. आरोपीने पथकाच्या दिशेने गोळीबार केला, पथकाने स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, त्यात आरोपी ठार झाला. नावाची जागा तेवढी भरायची होती.

"अहो, पण त्याच्याकडे कोयता आहे," वाकळे म्हणाले.

"साहेब, मजकूर मंजूर झालेला आहे," लेखनिक शांतपणे म्हणाला. "हत्याराचं नंतर बघू."

तोवर गर्दी वाढली होती. पाण्याच्या टाकीवर, लिंबावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, जिथे पाय ठेवायला जागा तिथे माणूस आणि माणसाच्या हातात मोबाईल. पार्थभैय्यांनी मोठ्या मनाने वाढदिवसाचा मांडव सत्काराला दिला. त्यांच्यावर उधळून उरलेला झेंडू जेसीबीच्या बकेटमध्ये भरून साहेबांसाठी तयार ठेवला. फ्लेक्सही आला. 'कोयता गँगचा खात्मा करणारे खाकीतले वाघ मा. अजिनाथजी वाकळे साहेब यांचा भव्य नागरी सत्कार.' वाकळेंनी स्वतःचा एवढा मोठा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आवडला. रोल थोडा शिल्लक राहत होता. वाया कशाला घालवायचा म्हणून दुकानदाराने त्यावर दुसरा मजकूर घेतला: 'कै. बिभीषण खरमाटे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोची अडचण आली नाही. गेल्या वर्षी पार्थभैय्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बिभीषण शुभेच्छुकांच्या रांगेत होता, तिथूनच कापून घेतला. खालचे शुभेच्छुक दोन्हीकडे तेच होते.

आता फक्त बिभीषणने मरायचं राहिलं होतं.

वाकळेंनी पिस्तूल काढलं. शिपायांनी बंदुका दारावर रोखल्या. मालनबाई ओट्यावरून उठून दारापुढे आडवी यायला लागली, तिला शेजारच्या दोघींनी धरून बाजूला नेलं. तेवढ्यात आत कडी वाजली आणि दार उघडलं.

बिभीषण बाहेर आला तो कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. गर्दीतले मोबाईल वर झाले. असं दृश्य म्हणजे प्रसिद्धीपत्रकाला आयतंच बळ होतं. वाकळेंचं बोट चापावर आवळलं.

"पाडी झाली साहेब," बिभीषण म्हणाला. चेहरा समाधानाने फुलला होता. "पाय अडकला हुता, लई वडावं लागलं. आता आलाच हाय तर थांबा जरा. चीक काढतो, आई खरवस करंल. खाऊ आन मग जाऊ कुटं न्यायचं तिकडं."

ज्याला मारायचं ठरलंय त्याच माणसाने खरवसाला थांबवून घ्यावं, याची मंजूर मजकुरात कुठेच सोय नव्हती. वाकळेंना गलबलून आलं. चापावरचं बोट सुटलं, गोळी सुटायच्या आत सुटलं म्हणून बरं. त्यांनी पिस्तूल कमरेला लावलं आणि बेड्या मागवल्या.

गर्दीला मात्र हे पसंत पडलं नाही. उन्हात एवढा वेळ ताटकळलेली माणसं ती. "ए, आत जा," कुणीतरी टाकीवरून सांगितलं. मग दुसऱ्याने सांगितलं, मग सगळ्यांनी. प्रमुख पाहुणे निघालेत, असं पार्थभैय्यांनी वाकळेंच्या कानात सांगितलं. बिभीषण भिडस्त माणूस. त्याने गर्दीकडे पाहिलं, मांडवातल्या श्रद्धांजलीतल्या स्वतःकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, आत जाऊ का मी परत?"

वाकळेंनी त्याचा दंड धरून त्याला गाडीत बसवलं. त्या दिवशी त्यांनी एवढं एकच काम विनापरवानगी केलं.

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी मांडवली केल्याची बातमी तालुकाभर झाली. पोलिसांत दम राहिला नाही, असं शेवगावपर्यंत बोललं जाऊ लागलं. वाकळेंची नियंत्रण कक्षात बदली झाली. जाताना नारळ मिळाला नाही, मालनबाईने डब्यात खरवस तेवढा दिला. बिभीषण जामिनावर सुटला. श्रद्धांजलीचा तुकडा त्याने मागून नेला आणि पाडीच्या आडोशाला बांधला. पावसाला चांगला आहे म्हणतो.

सत्काराचा फ्लेक्स अजून उभा आहे. शुभेच्छुकांच्या रांगेच्या शेवटी नेहमीप्रमाणे एक चौकट मोकळी सोडलेली आहे, ऐन वेळी कुणी आलंच तर बसवायला. मघाशी कडी वाजली तेव्हा तुम्हीही गोळीच्या आवाजासाठी कान टवकारले होते. फोटो पाठवून द्या.