नलूताईंचं रिप्सॅलिस

‘निवडुंग वाळवंटातच असतो’ असं नलूताई परबांसमोर कुणी म्हणालं, की त्याची वाट लागलीच. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत त्या आवाज चढवल्याशिवाय बोलतच नसत. त्यांच्या मजल्यावर दूधवालासुद्धा चोरपावलांनी चढायचा.

अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. तिथून आणलेलं निवडुंगाचंच एक रोप त्यांनी आवारातल्या आंब्याच्या फांदीला काथ्याने बांधलं होतं. हिरव्या दोऱ्यांच्या जटा लोंबाव्यात तसं. काटा नावाला नाही. नाव रिप्सॅलिस. मी एकदा ‘रिप्लेसिस’ म्हणालो, तर आठवडाभर मला त्याच नावाने हाक मारत होत्या.

“ब्राझीलच्या रानातला आहे हा, मेल्या! दाट सावली, धुकं, शेवाळलेल्या फांद्या. उन्हात ठेवलास तर करपेल!”

सेक्रेटरींनी रंगीत टीव्ही घेतला आणि अँटेनाची वायर त्याच फांदीवरून नेली. रोप मध्ये येतं म्हणून सभेत विषय निघाला.

“काढून टाका की,” मी बोलून गेलो. “बांडगूळच ते. फुकट आंब्याचा रस पितंय.”

नलूताई ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली.

“बांडगूळ? कुणाला म्हणतोस रे बांडगूळ? थेंब तरी घेतो का तो झाडाचा? नुसता टेकून राहतो! पावसाचं पाणी नि कुजका पाला, एवढ्यावर जगतो. कळत नसेल तर तोंड बंद ठेव!”

आणि तरातरा निघून गेल्या. माझंही डोकं फिरलं. भर सभेत अपमान! दुसऱ्या दिवशी चांगलं सुनवायचं म्हणून त्यांच्या घरी गेलो.

दार भावजयीने उघडलं. नलूताईंचं लग्न झालेलं नाही, त्या भावाकडे राहतात, एवढं मला ठाऊक होतं. घरात नेमक्या कुठे राहतात, ते तेव्हा पाहिलं. पत्रे ठोकून बंद केलेली गॅलरी, एक खाट, खाटेखाली ट्रंक. त्या भाचीच्या गणवेशाला बटणं लावत बसल्या होत्या.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. वहिनीला आवाज चालत नाही.”

आतून विचारणा झाली, “वन्सं, किती वेळ बसणारेत ते?”

“निघालेच,” नलूताई म्हणाल्या. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

मग गणवेश बाजूला ठेवून त्या माझ्याकडे वाकल्या, आणि डोळे वटारून मला झाप झाप झापलं. सगळं कुजबुजत. नीट ऐकू यावं म्हणून मी खाटेच्या आणखी जवळ सरकलो.