बर्फावर बुरूजदादांनी गेंड्यास आडवा केला ती हकीकत

ऐकणारांनी चित्त ठिकाणी ठेवून ऐकावे. हॉकीच्या बर्फमैदानावर जी मोहीम जाहली, आणि तीत जे शौर्य व जो गाढवपणा जाहला, ती दोन्ही पदरचे काही न घालता लिहिली आहेत. शौर्य थोडके आहे, सबब मजकूर लांबणार नाही.

आमचे संघाचे बचावाचे खासे सरदार बुरूजदादा. पेशाने नळदुरुस्तीवाले, उमर त्रेचाळीस, संघाचे चाकरीत एकवीस वर्षे. पूर्वी दरारा ऐसा की, शत्रूचा आघाडीवाला चकती, म्हणजे बर्फावरील हॉकीचा चपटा चेंडू, घेऊन चाल करून येई, आणि दादांस पाहून चकती तिथेच टाकून माघारा फिरे. परंतु यंदा दोन्ही गुडघे फितूर जाहले, आणि दादा चकतीपाशी पोहोचावेत तो चकती आमच्याच गोलात जाऊन निवांत बसलेली असे.

बाकीचे फौजेचे काय वर्णन करावे! नवे भरतीचे शिपाई ऐसे नाजूक की, शत्रूने खांदा लावताच 'सॉरी' म्हणून बाजूस होत. आघाडीचा मोहरा म्हणजे झुलपेबहाद्दर, यांची तर शिरस्त्राणाखालील झुलपे विस्कटतील या धास्तीने कोणास अंग लावण्याची छाती नव्हती. ऐशा या शूर लष्कराने लागोपाठ सहा सामन्यांत शिकस्त खाल्ली, आणि सातवा हरल्यास खालच्या गटात रवानगी मुक्रर जाहली.

तेव्हां सरलष्कर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, यांनी कपडे बदलण्याचे खोलीत, ओल्या मोज्यांचे दर्पात, दरबार भरविला. आणि फर्मान सुटले की, संघात धसमुसळेपणा उरला नाही हेच सर्व पराभवाचे मूळ. उपरांत प्रत्येकाने शत्रूस बेलाशक धडकावे, आणि बुरूजदादांनी रविवारी गेंड्यास न रोखल्यास काठी ठेवून कायमचे घरी बसावे. गेंडा म्हणजे शत्रूचा आघाडीवाला, वजन क्विंटलभर, मान नाहीच. आणि धडकेचे माहात्म्य सांगणारे सरलष्कर कैसे? तर पेशाने दातांचे डॉक्टर; जन्मात कोणाचा दात पाडला तोही भुलेचे इंजेक्शन देऊन.

दादा राग गिळून घरी आले. बाईसाहेब नर्स होत्या, गुडघ्यास पट्टी बांधता बांधता बोलल्या, "अहो, त्या डॉक्टरांना म्हणावं, एकदा स्वतः धडकून दाखवा."

"म्हणेन की. पण आधी मी धडकतो, मग म्हणतो," दादा बोलले. "एकवीस वर्षं खेळलोय. कोणी घरी बस म्हटलं म्हणून बसणार नाही."

बाईसाहेबांनी पट्टीस आणखी एक वेढा दिला, तो अंमळ जोरानेच दिला.

मग रविवारी दुपारी रण माजले. पहिल्या सत्रात गेंडा चाल करून आला, दादांनी सर्व बळ एकवटून झेप घेतली, गेंडा बाजूस जाहला, आणि दादा आपल्याच गोलरक्षकावर जाऊन आदळले. गोल जाहला. प्रेक्षक पोट धरून हसले. झुलपेबहाद्दरही हसले, त्यांस ते काम बरे जमे. पुढे आमचे कसेबसे दोन गोल जाहले, शत्रूचाही आणखी एक जाहला, आणि शेवटल्या सत्रात तीन मिनिटे उरता दोनास दोन ऐसी बरोबरी उभी राहिली.

दादा बाकावर धापा टाकीत बसले होते, आणि बसल्या जागी पाहात होते. पाहता पाहता ध्यानी आले की, गेंडा दरवेळी उजवे कुंपणास लगटून, डोके खाली घालून, चकतीवरच नजर ठेवून धावतो. इतकी वर्षे सिंकखाली उताणे पडून दादांस इतके कळले होते की, गळतीमागे धावण्यात अर्थ नाही, पाइप जिथे वळतो तिथे पान्हा लावावा. मग शेवटले मिनिटास उठले, मैदानात शिरले, आणि धावलेच नाहीत. सरलष्कर बाहेरून ओरडले, "अहो, पळा, पळा!" दादा कुंपणाचे वळणावर जाऊन उभे राहिले.

गेंडा आला. डोके खालीच होते. दादांनी खांदा पुढे केला, आणि कुंपणाच्या फळ्या ऐशा वाजल्या की सरबत पिणारांच्या हातचे पेले हिंदकळले. गेंडा उताणा, दादाही उताणे. पंचांनी निवाडा दिला की धडक नियमात आहे. सुटलेली चकती घरंगळत गेली ती झुलपेबहाद्दरांचे पायांशी, कारण गर्दीस भिऊन ते दूर एकटेच उभे होते. आता कोणीच अडवीना म्हणून नाइलाजाने गोल केला.

लागलीच शिट्टी वाजून सामना संपला, तेव्हां गेंडा आपला आपण उठला आणि वाकून पुसता जाहला, "काका, लागलं का हो?"

"लागलं," दादा पडल्या पडल्या बोलले. "धडकेनं नाही. काका म्हणालास ते लागलं."

इतक्यात सरलष्कर चकचकीत बूट घालून बर्फावर धावत आले आणि गर्जले, "पाहिलंत? माझं धोरण!" आणि तिथेच फर्मान सोडले की दादांस आणखी एक वर्ष चाकरीत ठेवावे.

"ठेवा," दादा बोलले. "पण या पोरांना धडकायला मी शिकवणार. तुम्ही दातांचं बघा. आता हात द्या."

सरलष्करांनी हात दिला, आणि कोणीही न धडकता स्वतःच बूट घसरून सपशेल आडवे जाहले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूचा एक पडला तो आपण होऊन उठला. आमचे दोघे पडले ते चौघांनी उचलून बाहेर नेले. तथापि विजय आमचाच, कारण गुणांच्या फळ्यावर तीनास दोन ऐसे ठळक अक्षरी लिहिले होते, आणि ते सर्वांनी दोन दोनदा वाचून खात्री केली.