खुर्चीवरचा स्वेटर

ऑफिसातून वेळेवर निघायचं कसं, हे सबंध कंपनीत आपल्या एकट्यालाच कळलंय, अशी तात्यांची पक्की खात्री होती. खुर्चीवर स्वेटर टाकून जायचं, बस्स! एसीच्या गारठ्यामुळे स्वेटर सगळ्यांकडेच असे, आणि खुर्चीवर स्वेटर म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे, असा समज होता. कंपनीने निम्मी माणसं कमी केली होती, काम मात्र तेवढंच ठेवलं होतं. साहेबांच्या आधी निघणाऱ्याची खैर नव्हती, आणि साहेब हल्ली निघतच नसत.

आज लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. झाडाला बोलायचं काही नव्हतं, पण बाबाने बघायलाच हवं होतं. मागच्या दोन्ही नाटकांना तात्यांनी तिच्या तोंडाला पानं पुसली होती.

तात्या हळूच सटकले. खाली स्कूटरपाशी खिसे चाचपले, तर रिकामे. किल्ली स्वेटरच्या खिशात!

धापा टाकत वर आले, तर मजल्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक खुर्चीवर एकेक स्वेटर! युक्ती सगळ्यांनाच सुचली होती. तात्यांना जरा वाईटच वाटलं. किल्ली काढतात तोच केबिनचं दार किलकिलं झालं.

“तात्या, सगळे बसलेत का हो अजून?” साहेबांनी दबकत विचारलं. धुरकट काचेतून त्यांना नुसत्या खुर्च्यांच्या पाठी दिसत. माणसं कामात असताना साहेबाने घरी जायचं नाही, असा त्यांना वरून दम होता. आणि घरी आई आजारी होती.

खरं सांगावं तर सगळ्यांचं बिंग फुटणार. न सांगावं तर तिकडे म्हातारी वाट बघणार. तात्यांनी किल्ली खिशात टाकली.

“साहेब, स्वेटर बसलेत. माणसं केव्हाच गेली.”

साहेब रांगेतून फिरले. दोन-तीन स्वेटर चाचपून पाहिले. मग अंगातला कोट काढून त्यांनी आपल्या खुर्चीवर टाकला.

“चला,” म्हणाले.

या भानगडीत नाटक संपलं. शाळेच्या दारातच लेक पळत आली, डोक्याला अजून कागदी पानं. तात्या माफी मागणार, तोच ती म्हणाली, “बाबा, मला स्टेजवरून दिसत होतास तू! एकदासुद्धा हलला नाहीस!”

तात्यांनी तिच्यामागून आलेल्या बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात त्यांचा जुना स्वेटर होता. जागा धरायला तिने तो शेजारच्या खुर्चीवर टाकला होता.

“गार आहे, घाला,” एवढंच ती म्हणाली.

तात्यांनी तो मुकाट्याने अंगात घातला.