थोपटलेल्या चार्जरची चौकशी

"रागवायचं नाही त्याच्यावर. लेकरू कुरकुरलं की थोपटतेस ना, तसं थोपट. गप होतं बघ!"

गोदामातल्या कारकून ताईंना हा आवाज अजून ऐकू यायचा. त्या नव्यानं कामाला लागल्या, तेव्हा जुने मुकादम फोर्कलिफ्टच्या चार्जरबद्दल असं बोलले होते. चार्जर तेव्हाही ठिणग्या टाकायचा. पुढे मुकादम निवृत्त झाले, चार्जर झाला नाही. गाद्यांच्या त्या गोदामात थोपटण्याची रीत मात्र रुजली. येता-जाता जो तो त्याच्या पाठीवरून हात फिरवी. मालक तर पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "हे आमचं जुनं माणूस!" जळका वास आला की खिडकी उघडायची, वास गेला की लावून घ्यायची. या क्रियेस देखभाल असे म्हणत.

एका दुपारी चार्जर थोपटूनही गप झाला नाही. गाद्या धुमसल्या, मग भडकल्या. ताईंचा धाकटा भाऊ तिथेच हमाल होता. तो वायर उपटायला आत घुसला आणि दोन्ही तळहात भाजून बाहेर आला. जीव कुणाचाच गेला नाही. त्यामुळे दोष मृताच्या नावावर टाकण्याची नेहमीची सोय राहिली नाही आणि चौकशी समिती नेमावी लागली.

समितीने आरंभीच तत्त्व ठरवले : यंत्र सदोष आहे हे ज्याला ठाऊक होते, तो जबाबदार. तत्त्व इतके न्याय्य होते की त्या क्षणापासून कुणालाच काही ठाऊक नव्हते.

"कारखान्यातून निघालं तेव्हा यंत्र निर्दोष होतं," उत्पादकांचे वकील म्हणाले. "पुढे त्याला कसली संगत लागली, आम्ही काय सांगणार?"

"मी तपासणीला येई तेव्हा ते बंद असे," सुरक्षा तपासनीस म्हणाले. "बंद यंत्रात दोष आढळत नाही."

विमा कंपनीचे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "रोज ठिणग्या पडत असतील, तर आग अपेक्षितच होती. अपेक्षित गोष्टीला आम्ही अपघात म्हणत नाही."

"ठिणग्या?" मालक दचकले. "कसल्या ठिणग्या?"

अध्यक्षांनी सारे नीट जुळवले. दोष कुणालाच ठाऊक नव्हता, अर्थात दोष नव्हताच. निर्दोष यंत्र आपणहून पेटत नाही, अर्थात ते कुणीतरी पेटवले. आणि भाजलेले हात तर एकाच इसमाचे आढळले! आता ताईंची साक्ष झाली की त्या इसमाला पोलिसांच्या हवाली करायचे होते.

मधल्या सुटीत मालकांनी ताईंना बाजूला घेतले. "फक्त 'मला ठाऊक नाही' एवढंच म्हणा. तुमची नोकरी शाबूत. भावाला वकीलही मीच देतो. घरचेच ना आपण!"

बाकावर भाऊ बसला होता, दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून.

"ताई, आधी नाक खाजव."

त्यांनी खाजवले. लहानपणी शेंबूड पुसत तसेच, पदराच्या टोकाने.

"म्हणून टाक गं त्यांचं ते," तो हळूच म्हणाला. "दोघंही घरी बसलो तर आईला काय घालायचं? आणि आत जेवण फुकट असतं म्हणे."

"गप बस मेल्या," ताई म्हणाल्या.

सुटी संपली. मागच्या बाकांवर गावातली सभ्य मंडळी हळहळायला जमली होती. जागा कमी पडल्याने काहीजण उभ्यानेच हळहळत होते.

"यंत्रात दोष आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" अध्यक्षांनी विचारले.

मालकांनी ताईंकडे आपुलकीने पाहिले. ताईंनी भावाच्या पट्ट्यांकडे पाहिले.

"होतं."

अध्यक्षांची लेखणी थांबली. "बाई, विचार करून बोला. ज्याला ठाऊक, तो जबाबदार!"

"मग लिहा माझं नाव. ठिणग्या मी रोज बघत होते. खाली मालकांचं लिहा, तेही बघत होते. तपासनीससाहेब तर वास आला की म्हणायचे, आधी ती खिडकी उघडा."

मागच्या बाकांवरून कुणीतरी "छे छे, किती हा निष्काळजीपणा!" म्हणाले. ताई तिकडे वळल्या.

"तुमच्याही घरी एखादं बटण असेलच की, शॉक बसतो म्हणून काडीनं दाबता ते. पाहुण्यांनी विचारलं तर 'चालतंय' म्हणता ना? आम्हीही तेच म्हणत होतो."