मेश्रामांची दोन वयं

आमच्या मेश्रामांना दोन वयं आहेत. कागदावर शहात्तर, खरं चौऱ्याहत्तर. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत लिफ्ट असूनही हा माणूस तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं चढतो आणि वर धापा टाकत विचारतो, "सांगा, किती वर्षांचा वाटतो?" वॉचमन हुशार आहे. तो 'साठ' म्हणतो आणि यांच्या घरचा चहा पितो.

हा सगळा खटाटोप विम्यासाठी. मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे, पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नाही. घरात थोरली बहीण, सुशीलाताई, जन्मापासून आंधळी. आपल्यामागे तिच्यासाठी कायमची बाई ठेवता यावी, म्हणून त्यांना पॉलिसी हवी. बहीण मोठी असली तरी आधी आपणच जाणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि त्यांना हवी ती पॉलिसी पंचाहत्तरीनंतर देत नाहीत.

सल्ला मागायला ते माझ्याकडे येतात, कारण मी विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढली. म्हणजे तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले आणि त्याचा पगार खाल्ला.

"शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे ना? मग संपलं," मी म्हणतो.

"तारीख खोटी हाय बाप्पा!"

"अहो, अर्ध्या महाराष्ट्राची खोटी आहे. मास्तरांनी सगळ्यांना एक जूनलाच जन्माला घातलंय."

तरी ते एजंट बोलावतातच. माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं जोडपं खिदळत असतं, दात सगळे शाबूत. अशांनाच विमा मिळतो. मेश्राम केस काळे करून समोर बसतात.

परवा एक तरुण मुलगी आली. मीही होतो. दाखला बघून म्हणाली, "सॉरी काका, सिस्टिम हे वय घेतच नाही." मेश्रामांनी नेहमीचं सांगितलं, दाखल्यावर दोन वर्षं वाढवून लावलीत. तिनं सहज विचारलं, "पण वय वाढवून कोण लावतं? लोक तर कमी लावतात."

मेश्राम हे मलाही कधी बोलले नव्हते. "हेडमास्तर म्हणे, आंधळी पोरगी एकटी घेत नाही. शेजारी कोणी बसत असन तं घेतो. मी चार वर्षांचा. बाबांनी सहाचा लिहून दिला. मी वाचून दाखवायचो, ती पाठ करायची. सातवी पास झाली ती."

मला राग आला. कुणाचा, ते विचारू नका. "वडिलांनी नुकसान केलं तुमचं," मी म्हणालो. "दोन वर्षं आधी रिटायर झालात, आता हे."

"नाही बाप्पा. मी चारचाच राहिलो असतो तं ती घरीच बसली असती." मग त्यांचा आवाज उतरला. "पण आता तिच्याशेजारी कोण बसन, तेवढं विचारून सांगा ना तुमच्या हपिसात."

मुलीनं लॅपटॉप मिटला. त्या हपिसाचं उत्तर मला पाठ आहे. छापील कागदावर, सही ठोकून, मी ते आयुष्यभर लोकांच्या घरी धाडलंय. मेश्रामांच्या तोंडावर मात्र मला ते म्हणता आलं नाही.