मशीनचा अर्ज

बिल्ड सर्व्हरला मी माझाच पासवर्ड देऊन ठेवला होता. आम्ही लिहिलेला कोड जिथे साठवतो त्या कोठारातून तो आपोआप उचलायचा आणि त्याचं ॲप तयार करायचं, एवढंच त्या मशीनचं काम. एक दिवस सुरक्षेवरचं भाषण ऐकून मी भारावलो आणि पासवर्ड बदलला. मशीनला सांगायचं राहिलं.

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासची सराव परीक्षा त्याच दिवशी दुपारी दोनला. जुन्या ॲपमध्ये बरोबर उत्तराला शून्य गुण पडत होते. दुरुस्ती कोठारात तयार, आणि मशीन दाराबाहेर. मी मूळचा नांदेडचा. मालकांनी प्रेमानं एवढंच विचारलं, "नांदेडची गाडी कितीला असते हो?"

कोठाराचे राखणदार बिराजदार सर. हा माणूस मशीनकडूनही अर्ज घेतो. कागदावर, दोन प्रतींत.

"सर, माझा नवा पासवर्ड टाकतो की."

"न्हाई. तुमच्या नावावर ते काम करायलंय. उद्या त्यानं घोळ केला, तर फाशी कोणाला? सोताचं नाव पायजे त्याला. मुक्काम?"

"जिन्याखालची खोली."

"कोड वाचणार का लिवणार?"

"नुसता वाचणार."

"मंग ठीक. पाहुण्यानं ओसरीवर बसावं, चुलीत लाकडं सारू नयेत."

पासवर्डऐवजी मशीनवर संगणकी किल्ल्यांची जोडी तयार केली, एक उघडी, एक गुप्त. उघडी किल्ली सरांनी कोठारात नोंदवली. गुप्त किल्लीही मी हौसेनं दाखवायला गेलो, तर त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "झाका, झाका! ती मशीनची. मला बी दावायची न्हाई!"

दीड वाजत आला. अर्जाचा शेवटचा रकाना: 'संपर्क तुटल्यास कोणाला कळवावे?'

"सर, मशीनला नातेवाईक असतात?"

"लिवा. कोणीतरी लागतंच."

मी माझं नाव लिहिलं. शिक्का पडला, मशीन चालू झालं, दोनला पाच कमी असताना नवं ॲप पोरांच्या मोबाइलवर गेलं. माझी गाडी हुकली.

कोठारात प्रवेश असलेल्यांच्या नोंदवहीत मशीनपुढे सही करताना वरच्या ओळी दिसल्या. त्याच शेवटच्या रकान्यात कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा भाऊ. पहिली ओळ सरांची. तिथला रकाना कोरा. भूकंप झाला तेव्हा ते शिकायला लातूरच्या वसतिगृहात होते. घरचे सगळे गावी, घरात झोपलेले. क्लासमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं, अर्जाला हसताना आठवलं नाही, इतकंच.

सर शिक्का ठेवायला कपाटाकडे वळले, तेवढ्यात मी त्या रकान्यात बायकोचं नाव आणि नंबर लिहिला. माझा लिहिण्यात अर्थ नव्हता. मला एका मशीनला कळवायचं जमलं नव्हतं.

घरी तिला भीतभीत सांगितलं.

"काही व्हायची वाट कशाला बघायची?" ती म्हणाली. "रविवारी जेवायला बोलवा. अन् तिखट चालतं का, तेवढं विचारून या."